बेसाचं किचन रद्द झालं तेव्हा: खोक्यात राहिलेल्या चार यंत्रांची विक्री

मी नागपुरात किचनची आखणी आणि कामावरची देखरेख करते. हे प्रकरण माझ्याच एका ग्राहक कुटुंबाचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, नावं मुद्दाम देत नाही. नवीन घराचा बेत बदलला की पडदे, पंखे, पलंग कुठेही लागतात. किचनच्या यंत्रांचं तसं नाही. ती एका ठरावीक ओट्यासाठी, ठरावीक भिंतीसाठी घेतलेली असतात. ओटाच झाला नाही तर त्यांचं काय करायचं, हे विचारायला गेल्या वर्षभरात माझ्याकडे बरेच लोक आले, म्हणून हे सविस्तर मांडते.

कुटुंब चौघांचं. ताई आणि त्यांचे यजमान दोघंही नोकरीत. सासूबाई आणि सासरे त्रिमूर्तीनगरच्या त्यांच्या जुन्या बैठ्या घरात. बेसा भागातल्या एका स्कीममध्ये ताईंनी टू बीएचके घेतला होता आणि दसऱ्याच्या आसपास ताबा मिळणार होता. ३० एप्रिल २०२५ ला अक्षय तृतीया होती. मुहूर्त आणि ऑफर दोन्ही साधून त्यांनी एका शोरूममधून चार वस्तू एकदम घेतल्या: चार बर्नरचा बिल्ट-इन हॉब (ओट्याच्या दगडात बसवायची शेगडी) २२,५०० रुपयांना, ९० सेंटीमीटरची चिमणी २४,००० ला, बिल्ट-इन ओव्हन ४१,००० ला आणि सुटा ठेवायचा डिशवॉशर ४४,८०० ला. एकूण १,३२,३०० रुपये. शोरूमच्या गोडाऊनला जागा नव्हती म्हणून माल लगेच घरी आला आणि त्रिमूर्तीनगरच्या बैठकीत भिंतीला लागून रचला गेला. ताबा मिळायच्या आधी माल घरी आणू नये, असं मी सगळ्यांनाच सांगते. बिलात ‘मागणीनुसार पोच’ असं लिहून घेतलं तर पुष्कळ दुकानं थांबतात.

पोळ्याच्या सुमारास सासऱ्यांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली. त्यांना तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या फ्लॅटमध्ये हलवायचं, ओळखीचा शेजार आणि रोज येणारे फिजिओथेरपिस्ट सोडायचे, हे कोणालाच पटेना. दिवाळी झाल्यावर निर्णय झाला: राहायचं त्रिमूर्तीनगरलाच, बेसाचा फ्लॅट भाड्याने द्यायचा. मी काढलेली किचनची ड्रॉइंग बाजूला पडली आणि बैठकीतल्या चार खोक्यांचा प्रश्न समोर आला. त्यात सासऱ्यांचा, म्हणजे काकांचा, हॉस्पिटलसारखा पलंग त्याच बैठकीत टाकायचा होता. जागा हवी होती, पैसाही हवा होता.

जुन्या घरात वस्तू का बसत नव्हत्या

पहिला विचार साहजिकच हा, की इथेच बसवून टाकू. मी जाऊन ओटा पाहिला. काळ्या कडप्प्याचा, खाली कडप्प्याच्याच उभ्या फळ्या, मधल्या कप्प्यात सिलिंडर. हॉब बसवायला दगडात आयताकृती कापा घ्यावा लागतो. जुना कडप्पा थरांचा असतो, जागेवर कापताना तडकायची भीती असते, आणि इथे तर नेमकी एक उभी फळी कापाच्या मधोमध येत होती. चिमणी शेगडीच्या वर साधारण दोन ते अडीच फुटांवर लागते. तिथे खिडकी होती आणि त्या खिडकीतून सासूबाईंना मागचं अंगण आणि फाटक दिसतं. ती बंद करणं मलाही मान्य नव्हतं. ओव्हनची अडचण विजेची होती. अशा ओव्हनला तीन किलोवॉटच्या आसपास वीज लागते, म्हणजे १३ अँपिअर. त्याला स्वतंत्र एमसीबीवरचा (भार जास्त झाला की आपोआप वीज तोडणाऱ्या स्विचवरचा) १६ अँपिअरचा पॉइंट आणि जाड तार हवी. त्या घरातलं वायरिंग इतकं जुनं होतं, की आधी सगळं बदलावं लागलं असतं.

बेसाच्या फ्लॅटमध्ये बसवून भाडं वाढवावं, असं यजमानांच्या मनात होतं. मी नको म्हटलं. भाडेकरूला शेगडीची आणि पाण्याची सोय हवी असते. ओव्हनसाठी तो जास्तीचं भाडं देत नाही, आणि हॉबची काच फुटली तर वाद मात्र घरमालकाच्या गळ्यात पडतो.

शोरूमला विचारून पाहिलं. त्यांनी परत घेतलं नाही आणि कायद्यानेही ते बांधील नव्हते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये माल परत घेण्याचं जे बंधन आहे ते सदोष मालाचं आहे: बिलावरच्या मुदतीत, किंवा मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत. आपला बेत बदलला हा मालाचा दोष नव्हे. ताईंना ते लागलं, पण मला दुकानदाराशी भांडण्यात अर्थ दिसत नव्हता. उलट त्यांच्याकडून एक कामाची गोष्ट करून घेतली: हरवलेल्या बिलाची शिक्का मारलेली दुसरी प्रत, चारही वस्तूंच्या सीरियल नंबरांसह. पुढे सगळा व्यवहार त्या कागदावर उभा राहिला.

पहिला प्रयत्न आणि त्यातून कळलेलं

यजमानांनी ऑनलाइन जाहिरात टाकली. चार खोक्यांचा एकत्र फोटो, खाली कंपन्यांची नावं, ‘एकदाही वापरलेलं नाही, बिल आहे’ आणि किंमत १,१०,०००. फोन भरपूर आले. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच: शेवटचे किती? जुन्या वस्तूंचा एक व्यापारी घरी येऊन गेला. सगळं पाहून म्हणाला, “दादा, चारही उचलतो, पंचावन्न देतो. आत्ताच गाडी बोलवतो.” सासूबाईंना तर देऊन टाकावं असंच वाटत होतं, घर मोकळं होईल म्हणून. काकांच्या आजारपणात त्यांची दमछाक होत होती, मी त्यांना दोष देणार नाही.

आणखी एक फोन आला. बोलणारा म्हणाला, कामठीला लष्करात आहे, बदली झाली आहे, वस्तू न पाहता घेतो, गाडी पाठवतो. किंमतही कमी करायला सांगितली नाही. मग त्याने क्यूआर कोड पाठवला: हा स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात जमा होतील. ताईंनी तिथेच फोन बंद केला. यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. वापरलेल्या वस्तू विकणाऱ्यांना फसवायची ही जुनी पद्धत आहे आणि त्यात लष्कराचं नाव मुद्दाम घेतलं जातं, कारण आपला त्या नावावर विश्वास असतो. घरातल्या ज्या माणसाचा नंबर जाहिरातीत टाकाल त्याला हे आधी समजावून सांगा. पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवायचं.

एवढे फोन येऊनही खरा गिऱ्हाईक का मिळत नव्हता, ते मला माझ्या सुताराने एका वाक्यात सांगितलं. मी त्याला फोटो पाठवून कोणाला हवं आहे का पाहा म्हटलं, तर तो म्हणाला, “मॅडम, माप सांगा आधी. कंपनी मग पाहू. माप नाही बसलं तं फुकटातही कोणी नेत नाही.”

या प्रकरणाचा गाभा तोच आहे. मिक्सर किंवा फ्रिज विकायचा तर तो कोणालाही चालतो. हॉब, चिमणी आणि बिल्ट-इन ओव्हन यांचा गिऱ्हाईक शहरात एकाच प्रकारचा असतो: ज्याचं किचन या घडीला सुताराच्या हातात आहे, ग्रॅनाइट आलं आहे पण कापलेलं नाही, भिंतीला डक्टचं, म्हणजे चिमणीची हवा बाहेर नेणाऱ्या नळीचं, भोक पडायचं आहे. ज्याचं किचन पूर्ण झालं त्याला ही वस्तू निम्म्या किमतीतही नको. ज्याचं सुरूच झालेलं नाही तो अजून नुसताच कॅटलॉग चाळतो आहे. मधल्या त्या दोन-तीन आठवड्यांतला माणूस शोधायचा, आणि तो जाहिरातीपेक्षा सुतार, ग्रॅनाइटवाला, इलेक्ट्रिशियन यांच्या ओळखीत सापडतो.

पंचांगही आमच्या बाजूने होतं. पौषात आपल्याकडे वास्तू करत नाहीत, पण सुतारकाम थांबत नाही. उलट माघात गृहप्रवेश करायचा म्हणून मार्गशीर्ष आणि पौषात किचनच्या कामांची घाई उडते. बेसा, बेलतरोडी, मनीषनगर या पट्ट्यात त्या दिवसांत एकेका स्कीममध्ये चार-पाच घरांतून कटरचा आवाज येत असतो.

नव्याने मांडणी

एकत्र जाहिरात काढून टाकली. प्रत्येक वस्तूची वेगळी नोंद केली आणि पहिली ओळ मापाची ठेवली.

हॉबसाठी बाहेरच्या काचेचं माप आणि दगडात घ्यायच्या कापाचं माप वेगवेगळं लिहिलं. लोक या दोहोंत गोंधळतात आणि काचेच्या मापाने दगड कापला की हॉब सरळ आत पडतो. कापाचं माप पुस्तिकेत छापलेलं असतं, त्या पानाचाच फोटो जोडला. सोबत हे लिहिलं, की बर्नरला गॅस सोडणारे जेट एलपीजीचे आहेत. नागपुरात बहुतेक घरी सिलिंडरच आहे, पण पाइपच्या गॅसवर जाणाऱ्या घराला हे कळायला हवं, कारण त्या गॅसला दाब कमी आणि जेटची भोकं मोठी लागतात. बदलणं होतं, पण ते कंपनीच्या माणसानेच करायचं. चिमणीसाठी रुंदी, डक्टचा सहा इंची व्यास आणि बाहेर हवा सोडायला भिंत लागते ही अट. ओव्हनसाठी ६० सेंटीमीटरचं कपाट, आतली मोकळी रुंदी ५६ सेंटीमीटर, मागे हवा खेळायला जागा, आणि १६ अँपिअरचा पॉइंट.

मग वॉरंटी. खोकं उघडलेलं नसलं तरी या चारही वस्तूंची वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धावत होती. घेणाऱ्याला हे फोनवरच सांगितलं: घेतल्याची तारीख ही, उरलेले महिने इतके. लपवून उपयोग नसतो, बिल हातात पडताच तारीख दिसते आणि तिथून पुढे माणूस आपल्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही. मी प्रत्येक कंपनीच्या ग्राहक सेवेला सीरियल नंबर देऊन विचारायला लावलं: दुसऱ्या माणसाच्या घरी बसवली तर सेवा मिळेल का, बसवायला तुमचाच माणूस लागेल का, त्याचे पैसे किती? प्रत्येकीचं उत्तर वेगळं आलं. ते तोंडी न ठेवता ईमेलवर घेतलं.

खोकी उघडायची की नाही, यावर घरात वाद झाला. यजमान म्हणत, सील तुटलं की किंमत तुटते. मला ते अर्धंच पटत होतं. माल सगळा पावसाळा बैठकीत उभा होता. खालच्या खोक्याचा पुठ्ठा ओलाव्याने मऊ पडला होता आणि एका कोपऱ्यावर उंदराने कुरतडल्याच्या खुणा होत्या. जुन्या घरात रबरी नळी आणि वायर ही त्यांची पहिली पसंती. तेव्हा असं ठरलं: डिशवॉशर आत्ताच उघडून तपासायचा, कारण कुरतडलेलं खोकं त्याचं होतं, बाकी तीन घेणाऱ्याच्या समोर उघडायची आणि उघडताना दोघांनी मिळून व्हिडिओ काढायचा. डिशवॉशरच्या नळ्या शाबूत निघाल्या, नुसता थर्मोकोल कुरतडलेला होता. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

किंमत ठरवताना बिल बाजूला ठेवायला लावलं. हे ताईंना सगळ्यात जड गेलं, कारण ते पैसे त्यांच्या पगारातून गेलेले होते. पण समोरचा माणूस तुलना आजच्या भावाशी करतो. डिशवॉशरचं उदाहरण तर डोळ्यांसमोरच होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्यावरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. ताईंच्या ४४,८०० मध्ये मूळ किंमत ३५,००० आणि बाकीचा कर होता. तीच मूळ किंमत नव्या कराने ४१,३०० होते. दुकानदाराने आपल्या पदरचा एक रुपया न सोडताही नवाकोरा, पूर्ण वॉरंटीचा डिशवॉशर साडेतीन हजारांनी स्वस्त झालेला होता. अशा वेळी ‘आम्ही एवढ्याला घेतला’ हे वाक्य बोलूच नये.

हॉब आणि चिमणी

सुताराने मनीषनगरमधलं एक घर सांगितलं. तिथे ग्रॅनाइट येऊन पडलं होतं आणि घरमालक हॉबच्या किमतीवरून अडून बसले होते. पतिपत्नी दोघंही संध्याकाळी त्रिमूर्तीनगरला आले. काकांच्या पलंगाशेजारीच खोकी उघडली, व्हिडिओ काढला. काच, बर्नर, नॉब, सगळं जागच्या जागी. त्यांना फक्त हॉब हवा होता आणि चिमणी त्यांनी ६० सेंटीमीटरची ठरवली होती.

इथे ताईंनी फार चांगलं बोलणं केलं. चार बर्नरच्या रुंद हॉबवर ६० ची चिमणी लावली तर कडेच्या बर्नरचा धूर बाहेरच राहतो, हे त्यांनी पुस्तिकेतल्या चित्रावर बोट ठेवून दाखवलं. ते खरंही आहे: चिमणी हॉबइतकी किंवा त्याहून रुंद हवी. त्या बाईंनी लगेच विचारलं, “मग दोन्ही मिळून किती?” ताईंनी ३६,००० सांगितले, ३३,५०० ला ठरलं. बिलाच्या ४६,५०० चे ते ७२ टक्के होतात. सुटी विकली असती तर चिमणी मागे पडली असती असं मला ठामपणे वाटतं, कारण ९० च्या चिमणीला भिंत मिळणं अवघड असतं. सुताराला १,५०० रुपये दिले. तो नको म्हणत होता, पण त्याच्या एका फोनने हे झालं होतं आणि असा हिशोब तिथल्या तिथे चुकता करावा.

पैसे आधी खात्यात आले. मेसेजवर न विसंबता ताईंनी बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक पाहिली, मग खोकी गाडीत चढली. साध्या कागदावर पावती केली: मॉडेल, सीरियल नंबर, मूळ बिलाचा क्रमांक आणि तारीख, मिळालेली रक्कम, ‘खोकं दोघांसमोर उघडलं, काच व सुटे भाग पूर्ण’ आणि दोघांच्या सह्या. मूळ बिल एकच होतं आणि त्यावर चारही वस्तू होत्या. म्हणून घेणाऱ्याला दुकानाच्या शिक्क्याच्या प्रतीची झेरॉक्स दिली आणि त्यावर त्यांच्या वस्तूंसमोर खूण केली.

ओव्हन

ओव्हन सगळ्यात जास्त अडला. नागपूरच्या बहुतेक घरांत भाजणं म्हणजे तवा, कढई आणि फार तर ओटीजी (ओट्यावर ठेवायचा छोटा विजेचा ओव्हन). बिल्ट-इन ओव्हनसाठी उभं कपाट करणारी घरं थोडी, आणि जी करतात त्यांना आपल्या आवडीचाच रंग आणि कंपनी हवी असते. चार सुतारांकडे निरोप टाकूनही काही झालं नाही. ताई वीस हजारांवर यायला तयार झाल्या होत्या.

मग दिशा बदलली. घर बांधणारा सोडून, जिला भाजायचं कामच आहे अशी व्यक्ती शोधायची. धरमपेठेत घरून केक करणारी एक मुलगी डिसेंबरच्या ऑर्डरींनी घायकुतीला आली होती. तिच्या ओटीजीत एका वेळी एकच केक मावत होता. तिच्याकडे बिल्ट-इनचं कपाट नव्हतं, पण कपाट करता येतं. माझ्या सुताराने तिला मापाचं मजबूत, मागून उघडं कपाट बनवून दिलं, इलेक्ट्रिशियनने मीटरपासून वेगळी तार आणि एमसीबी टाकला. ओव्हन २५,००० ला गेला. बिलाच्या ६१ टक्के. आकडा हॉबपेक्षा कमी आहे, पण तिला कपाट आणि वायरिंगचा खर्च वेगळा आला हे धरलं तर मला तो रास्त वाटतो. तिने जास्त घासाघीस केली नाही, ताईंनीही नाही.

डिशवॉशर विकलाच नाही

डिशवॉशरला तिघांनी मागणी केली. सर्वांत जास्त बोली २९,००० ची होती, मिहानमध्ये काम करणाऱ्या एका जोडप्याची. यजमान हो म्हणणार होते. मी ताईंना थांबायला सांगितलं.

त्या घराकडे पाहा. ताई नोकरी करून आल्यावर काकांचं पथ्याचं वेगळं, बाकीच्यांचं वेगळं असं करत होत्या. भांड्यांची बाई आठवड्यातून एखादी दांडी मारायचीच, आणि त्या दिवशी रात्री अकराला मोरीवर ताई बसलेल्या असायच्या. चार वस्तूंपैकी हीच एक अशी होती, जिला ओटा कापावा लागत नव्हता. मागच्या मोरीशेजारी छपराखाली जागा होती, नळ होता, पाणी जायला नाली होती. फक्त १६ अँपिअरचा एक पॉइंट ओढायचा होता. नव्या बेतासाठी निकामी ठरलेल्या चारपैकी एक वस्तू जुन्या घराला नव्या घरापेक्षाही जास्त गरजेची होती, आणि विकण्याच्या घाईत ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. शिवाय कर कमी झाल्यामुळे या वस्तूत तोटाही मोठा होणार होता.

सासूबाईंची हरकत रास्त होती. त्यांच्या पाटोडीच्या रश्श्याची लोखंडी कढई आणि पितळी गंज (पातेली) त्यात घालायचे नाहीत. “मशीन ठेवा बापा, पण माह्या कढईले हात नका लावू.” ते बरोबरच आहे. लोखंड त्यात गंजतं, अ‍ॅल्युमिनियम काळं पडतं, पितळेची चमक जाते. स्टीलची ताटं, वाट्या, पेले, कुकरचे आतले स्टीलचे डबे आणि काच एवढंच आत जायचं असं ठरलं. बोअरचं पाणी जड आहे, म्हणून पाण्याचा कठीणपणा तपासून मीठ टाकायच्या सेटिंगचा आकडा कंपनीच्या माणसाने लावून दिला. हे न करता सुरू केला असता तर भांड्यांवर पांढरा थर आला असता आणि आठ दिवसांत मशीनला नावं ठेवली गेली असती.

हिशोब असा झाला. विकलेल्या तीन वस्तूंचं बिल ८७,५०० रुपये, हाती आले ५८,५००, सुताराचे १,५०० वजा जाता ५७,०००. म्हणजे ६५ टक्के. व्यापाऱ्याने चारही वस्तूंचे ५५,००० सांगितले होते. इथे त्याहून दोन हजार जास्त आले आणि डिशवॉशर घरात राहिला. त्या पैशांतून काकांचा पलंग, बाथरूममध्ये धरायचे स्टीलचे बार आणि फाटकापासून पडवीपर्यंतचा उतार झाला. बेसाच्या फ्लॅटमध्ये ताईंनी साधा ग्रॅनाइटचा ओटा आणि खाली कपाटं करून घेतली. हॉबचा कापा घेतला नाही, पण चिमणीसाठी सहा इंची भोक पाडून झाकण लावून ठेवलं आणि उंच कपाटाच्या जागेपर्यंत ओव्हनची तार ओढून ठेवली, कारण काका बरे होऊन सगळे तिकडे जातील हा विचार त्यांनी सोडलेला नाही.